कशाबद्दल, ते सांग

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज दाढ तुटली. दगड नाही, हाड नाही, कालचा मऊ पाव कॉफीत बुडवून खात होते. कट्ट आवाज झाला आणि दाढेचा तुकडा जिभेवर आला.

आरोग्य केंद्रातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई अगदी तरुण आहेत. आरसा घालून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सगळ्या दाढा झिजल्यात तुमच्या. झोपेत दात खाता तुम्ही. कुणावर एवढा राग आहे?"

"नवऱ्यावर. म्हणजे, होता तो नवरा."

"वारले का?"

"नाही ना. तीच तर अडचण आहे."

त्या हसल्या. मग प्रेशर बघितलं आणि हसायच्या थांबल्या. मोठ्या डॉक्टरांकडून गोळी लिहून आणली आणि मला त्याच व्हरांड्यातल्या शेवटच्या खोलीत पाठवलं. तिथे इर्माबाई बसतात, मनाच्या दुखण्याच्या. त्यांनी सांगितलं, दर गुरुवारी बायका जमतात, या. आणि रोज थोडं लिहा, ज्याचा राग येतो ते. कुणाला दाखवू नका, मलाही नाही.

म्हणून हे. मी देल्मी, वय एकेचाळीस. सान विसेन्तेच्या बाजारामागे मोरेनाबरोबर बेकरी चालवते. एक मुलगी, कातेरिन, चौदा वर्षांची. एक आई, पलीकडच्या गल्लीत. एक नवरा होता, विल्बेर. दहा वर्षांपूर्वी त्याला पोलिसांकरवी घराबाहेर काढला, तो उत्तरेला, अमेरिकेत ह्यूस्टनला निघून गेला. राग येतो ते लिहायचं म्हणजे बरंच काम आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मोरेनालाही बैठकीला ओढून नेलं. आमची ओळखच मुळी कोर्टाबाहेरच्या बाकावरची. ती तिच्या नवऱ्याविरुद्ध आली होती, मी माझ्या. पुढे तिचा नवरा दारूच्या नशेत ट्रकखाली गेला आणि तिची केस आपोआप मिटली.

मागच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडल्या होत्या. इर्माबाई म्हणाल्या की आपल्यासारख्या बायकांचा अभ्यास झालाय. ज्या मनातून माफ करू शकल्या त्यांची झोप सुधारली, उदासी कमी झाली, काहींचं प्रेशरही उतरलं. ऐकता ऐकता माझं चढलं. मी म्हटलं, "म्हणजे हाड त्यानं मोडायचं, आणि प्रेशर वाढलं तर दोष माझा? मी माफ केलं नाही म्हणून?"

त्या चिडल्या नाहीत. "दोष कुणी म्हटलं? माफ करणं म्हणजे परत जाणं नाही. विसरणंही नाही. आणि जबरदस्ती तर मुळीच नाही. एक रस्ता हाही आहे, एवढंच सांगते."

मोरेना म्हणाली, "मी माझ्याला माफ केलंय."

"कधी गं?" मी विचारलं.

"पुरला त्याच दिवशी. मेलेल्याला माफ करायला काय लागतं. तुझा जिवंत आहे, तुला अवघड."

सगळ्या हसल्या. इर्माबाईसुद्धा.

९ फेब्रुवारी, रविवार

आई प्रार्थनाघरातून थेट बेकरीत आली. नेहमीच्या जागी बसली, भिंतीकडे डावा कान करून. त्या कानानं तिला ऐकू येत नाही, लहानपणी ताप आला होता म्हणे. उजवीकडून बोललं तरच कळतं तिला, नाहीतर नुसती हसून मान हलवते.

"विल्बेर आलाय," ती म्हणाली.

मी मुरंबा भरलेल्या सेमिता कापत होते. अननसाचा मुरंबा सुरीला चिकटला होता, तो पुसत राहिले.

"अमेरिकेतून परत पाठवला त्याला. आमच्या प्रार्थनाघरात येतो आता. दारू सोडली. रडतो गं प्रार्थनेत, लहान पोरासारखा."

"रडू दे."

"तुझी माफी मागायची म्हणतो."

"आई, तो ट्रे जरा तिकडे सरकव."

"किती दिवस मनात धरून बसणार आहेस? मनात धरलं की माणूस आजारी पडतं. आमचे पास्टर सांगतात. आता तुमचे डॉक्टरही तेच म्हणतायत ना?"

कातेरिननं सांगितलं असणार. आईनं येताना कोंबडीचं सूप आणलं होतं, वर कोथिंबीर घालून, मला आवडतं तसं. ते मी मोरेनाला दिलं. भूक नव्हती.

संध्याकाळी जबडा इतका आखडला की तोंड बोटभरही उघडेना. बघा, त्याचं नुसतं नाव ऐकलं तर ही दशा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज माझी बोलायची पाळी होती. मी सगळं भराभर सांगून टाकलं. लग्नानंतर पहिलं वर्ष बरं गेलं. मग हात उचलायला लागला. कातेरिन वर्षाची असताना मी एका दुपारी पिशवीत कपडे भरले, तिला कडेवर घेतलं आणि आईकडे गेले. आईनं कॉफी दिली, माझे केस विंचरले आणि दुपारच्याच बसनं मला त्याच्याकडे परत नेऊन सोडलं. त्याच आठवड्यात त्यानं माझं गळ्याजवळचं हाड मोडलं. मग आणखी तीन वर्षं. मग पोलीस.

इर्माबाईंनी विचारलं, "आईनं परत नेलं, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

"आईचा काय संबंध? हाड तिनं नाही मोडलं. ती जुन्या काळची बाई आहे."

"बरं," त्या म्हणाल्या.

हे त्यांचं 'बरं' मला आवडत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बाबांचा स्मृतिदिन म्हणजे आमच्याकडे फक्त फोटोसमोर मेणबत्ती. तीही मीच लावते, आईच्या घरी जाऊन. आई तेवढा वेळ स्वयंपाकघरात काहीतरी घासत बसते. म्हणते, प्रार्थनाघरात फोटोबिटो चालत नाहीत.

बाबा साखर कारखान्यात होते. मला खांद्यावर घेऊन गेटपाशी न्यायचे आणि उसाचा गरम रस पाजायचे. आम्हा भावंडांवर त्यांनी कधी आवाज चढवला नाही, हात तर लांबच. आज मी मोठ्यांदा म्हटलं, "मला बाबांसारखा नवरा मिळाला असता तर काय हवं होतं." आत आईच्या हातून कप पडून फुटला. वय झालं आता तिचं, हात थरथरतात.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आला. भर दुपारी, पांढरा शर्ट आत खोचून, काखेत बायबल. वजन वाढलंय. कानांवरचे केस पांढरे झालेत. पलीकडे मक्याच्या भरल्या पोळ्या, पुपुसा, विकणाऱ्या बाईनं पोळी थापायची थांबवून बघितलं.

मला वाटलं होतं माझे पाय कापतील. कापले, पण ओट्याच्या आड. वरून काही दिसलं नसणार.

"देल्मी, मी माफी मागायला आलोय."

"पाव हवा असेल तर या बाईंच्या मागे उभा राहा."

पुढची बाई स्वतःहून बाजूला झाली. तो पुढे आला. "जे काही झालं त्याबद्दल मला माफ कर."

"काय झालं?"

"तुला माहीतच आहे."

"मला माहीत आहे. तुला माहीत आहे का, ते बघायचंय. कशाबद्दल, ते सांग."

तो इकडेतिकडे बघायला लागला. "मी तेव्हा अंधारात होतो. सैतानानं माझ्याकडून..."

"सैतानाचा हात नव्हता तो, विल्बेर. तुझा होता. डावा. तू डावखुरा आहेस."

मोरेना आतून पीठ मळता मळता बाहेर आली, कोपरापर्यंत हात पिठानं माखलेले. माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तो म्हणाला, रविवारी मी प्रार्थनाघरात सगळ्यांसमोर साक्ष देणार आहे, पास्टरांनी तुलाही बोलावलंय. आणि गेला. पाव न घेता.

"जाणारेस?" मोरेनानं विचारलं.

"जाणार."

"माफ करायला?"

"ऐकायला. सगळ्यांसमोर सांगणार म्हणतो ना. बघू काय सांगतो."

२ मार्च, रविवार

उशीर झालाय, तरी आजच लिहिते.

प्रार्थनाघर खच्चून भरलं होतं. पत्र्याचं छप्पर, गिटार, स्पीकरचा कानठळ्या बसवणारा आवाज. आई पहिल्या रांगेत तिच्या ठरलेल्या जागी. मी आणि कातेरिन मागे. कातेरिनला आणायचं नव्हतं, पण ती स्वतःहून चप्पल घालून दारात उभी राहिली.

विल्बेर मंचावर गेला. ह्यूस्टनची दारू, तिथला तुरुंग, मग देवानं कसा हात दिला, सगळं रंगवून सांगितलं. लोक रडले. शेवटी म्हणाला, "मी वाईट नवरा होतो. जे काही झालं त्याबद्दल मी माझ्या बायकोची माफी मागतो." टाळ्या झाल्या. पास्टरांनी मला हात करून वर बोलावलं, माइक माझ्या तोंडापुढे धरला आणि म्हणाले, "बहीण देल्मी, आता तू स्वतःला मोकळं कर."

मी माइक त्यांच्या हातातून घेतला.

मी म्हटलं, "विल्बेरनं काय झालं ते सांगितलं नाही. त्याला जमत नाही असं दिसतं, म्हणून मी सांगते. यानं माझं गळ्याजवळचं हाड मोडलं. चुलीवरची उकळती कॉफी माझ्या पायावर ओतली. मी पोलिसांत जाईन म्हटलं तेव्हा मुलीला मांडीवर घेऊन बसला आणि हातात सुरी धरली. या सगळ्याचं नाव 'जे काही' नाही. मी आज माफ करत नाही. पुढे कधी केलं तर माझ्या घरात, माझ्या मनानं करीन, आणि तुम्हाला कळवणार नाही. आणि तेव्हाही हा माझ्या दारात यायचा नाही."

कुणी टाळी वाजवली नाही. एक म्हातारा खोकला. पास्टरांनी माइक परत घेतला आणि म्हणाले, "आपण सगळे डोळे मिटू या." मी मिटले नाहीत, म्हणून मला दिसलं. आई उठली, रुमाल तोंडाला लावला आणि बाजूच्या दारानं निघून गेली. लाज वाटली असणार तिला माझी. वाटू दे.

घरी येताना कातेरिन म्हणाली, "मांडीवर घेऊन बसला होता ते मला आठवतं. सुरीची मूठ पिवळी होती."

तिला कुणीतरी सांगितलं असणार. चार वर्षांची होती ती तेव्हा, एवढ्या लहान मुलांना काय आठवतं? पण मूठ पिवळी होती खरी.

६ मार्च, गुरुवार

रविवारी आणि सोमवारी लाकडासारखी झोपले. वाटलं, झालं, सुटले. बोलायचंच बाकी होतं. मंगळवारी आई दारावरून गेली, आत आली नाही, आणि त्या रात्रीपासून जबडा पुन्हा तसाच. दुसऱ्या दाढेलाही चीर गेलीय.

आजच्या बैठकीत बायकांनी मला उचलून धरलं. बाजारभर पसरलंय म्हणे. पुपुसावाल्या बाईनं काल पैसेच घेतले नाहीत माझ्याकडून. मी मात्र वैतागले होते. इर्माबाईंना म्हटलं, "माफ नाही केलं तर बरं वाटत नाही, आणि माफ करावं असंही वाटत नाही. त्याला जे सुनवायचं होतं ते सुनवलं. आता माझ्या दाढांना आणखी काय हवंय?"

"ज्याला सुनवायचं होतं तो एकटाच आहे का?"

"म्हणजे?"

"मी फक्त विचारतेय."

मी उठून आले. यांना पगार विचारण्याचाच मिळतो.

१४ मार्च, शुक्रवार

आई दोन आठवड्यांत एकदाही आली नाही. रविवारी प्रार्थनाघरातही गेली नव्हती असं कातेरिन म्हणाली. ती रोज शाळेतून येताना आजीकडे डोकावते. मी विचारलं, काय म्हणते आजी? म्हणाली, "काही नाही. तू कशी आहेस विचारते. तूच का नाही जात?"

मी का जाऊ? लाजली ती, मी नाही.

दुपारचे दोन ट्रे करपले.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी बाजारातून निरोप आला की तोमासाबाई चक्कर येऊन पडल्या. तोमासा म्हणजे माझी आई. धावत गेले. भाजीवाल्यांनी तिला गोणीवर बसवलं होतं, डाव्या कानातून पिवळं पाणी येत होतं. रिक्षात घालून आरोग्य केंद्रात नेलं.

डॉक्टरांनी दिव्यानं कान बघितला. म्हणाले, "आत पिकलंय, म्हणून चक्कर. थेंब देतो, बरं होईल. पण पडदा फार जुना फाटलेला आहे. कधीपासून ऐकू येत नाही?"

"लहानपणी ताप आला होता," मी म्हटलं.

"तापानं असा फाटत नाही सहसा. जोराचा फटका बसला की होतं असं." मग ते वाकून आईच्या उजव्या कानाशी म्हणाले, "आजी, कुणी मारलं होतं का?"

आई म्हणाली, "ताप होता."

पण ती माझ्याकडे बघत नव्हती. भिंतीवर लसीकरणाचं चित्र होतं, गुबगुबीत बाळाचं, त्याच्याकडे बघत होती.

बाहेर आंब्याखाली बाक आहे. औषध मिळेपर्यंत तिथे बसलो. मी उठून तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसले.

"बाबांनी?"

तिनं बोटानं कान पुसला. मग म्हणाली, "तुम्ही पोरं शाळेत गेल्यावर. तुम्हाला कळू द्यायचं नाही, एवढं तो पाळायचा. बाप म्हणून चांगला होता गं."

खांद्यावर बसवणारे ते हात माझ्या डोळ्यांसमोर आले आणि जाईनात.

"आणि तरी तू मला परत नेलंस," मी म्हटलं. मला हे विचारायचं होतं हे मला माहीतच नव्हतं. "दुसऱ्या कुणाला कळलं नसतं एक वेळ. तुला तर कळत होतं."

"कळत होतं म्हणूनच."

"म्हणजे काय?"

"मला वाटायचं, सगळ्यांचं असंच असतं. सोसलं की पुढे त्यांचे हात थकतात. माझं तसंच झालं." तिनं पदरासारखा खांद्यावरचा पंचा तोंडावर ओढला, पुन्हा खाली केला. "आणि तू आलीस ती पिशवी घेऊन, भर दुपारी, कुणाला न विचारता. मला तुझी दया नाही आली, देल्मी. राग आला. मनात आलं, हिला जर असं सरळ निघून येता येतं, तर मग मी का राहिले?"

आंब्याचा मोहोर गळत होता, तिच्या केसांत पडला होता.

"मी तुला माफ केलेलं नाही," मी म्हटलं. माझ्याच आवाजाचं मला नवल वाटलं. "त्याच्यावर राग आहेच. पण तो परका होता. तू आई होतीस."

"मी मागितली नाही अजून."

खिडकीतून कुणा दुसऱ्याच बाईचं नाव पुकारलं.

"मागू का?" ती म्हणाली.

"कशाबद्दल, ते सांग."

आणि तिनं सांगितलं. अडखळत, पण एकही गोष्ट न गाळता. तू आलीस तेव्हा तुझा ओठ फुटलेला होता, तो मी बघितला आणि विचारलं नाही. कॉफी दिली. केस विंचरले, म्हणजे त्याच्या दारात नीट दिसावीस म्हणून. हाताला धरून बसमध्ये बसवलं. तो दारात हसत उभा होता. तू वळून माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे बघितलं आणि चालू लागले. कोपऱ्यापर्यंत पोचले तेव्हा आतून तुझा आवाज ऐकू आला. या एका कानानं. मी थांबले. मग पुन्हा चालू लागले. त्याबद्दल.

ते कोपऱ्यावरचं मला माहीत नव्हतं. दहा वर्षं, तेरा वर्षं, मला वाटत होतं तिनं काही ऐकलं नसेल.

मी माफ केलं असं म्हणाले नाही. रडलेही नाही. आमचं नाव पुकारलं, मी जाऊन थेंब घेतले. घरी नेऊन तिला आडवं केलं, कानात थेंब घातले, आणि थोड्या वेळानं तिनं उठून कालचं सूप गरम केलं ते दोघींनी खाल्लं. मी दोन वाट्या घेतल्या.

२३ मार्च, रविवार

दुपारी पास्टर आले, मागे विल्बेर. आई आता बरी आहे, बेकरीत बसली होती. आज दुसऱ्या बाजूला, दाराकडे तोंड करून.

पास्टर वाईट माणूस नाहीत. टोपी काढून बोलतात. म्हणाले, "बहीण, तुमचं बोलणं मंडळींना लागलं. तुम्ही एकदा येऊन दोन गोड शब्द बोललात तर सगळ्यांच्या मनाला शांती मिळेल. आणि विल्बेर म्हणतो, कातेरिनला दर रविवारी मुलांच्या प्रार्थनेला आणावं. बाप आहे तो."

मी तोंड उघडणार तेवढ्यात आई उठली.

"पास्टर, मी तुमच्या पहिल्या रांगेत बसते. किती वर्षं? मला कधी विचारलंत, तोमासा, तुला ऐकू का येत नाही?"

पास्टर गोंधळले. "ताप आला होता ना तुम्हाला?"

"हो, तापच. बासष्ट किलोचा होता, साखर कारखान्यात कामाला जायचा." मोरेना आत फसकन हसली आणि लगेच गप्प झाली. आई पुढे म्हणाली, "त्या दिवशी मी उठून गेले ते पोरीची लाज वाटून नाही. मला उलटी आली. ती जे माइकवर बोलली ते मी जन्मभर गिळत आले होते. तुमच्या मंडळींना शांती हवी असेल तर त्यांनी घरी जाऊन आपापल्या बायकांना विचारावं."

मग ती विल्बेरकडे वळली. तो तिच्यापेक्षा दीड हात उंच आहे. तिनं मान वर करून सांगितलं, "ही पोरगी मी तुला एकदा आणून दिली होती. आता देणार नाही. नातही नाही. पाव हवा असेल तर पलीकडच्या चौकात दुसरी बेकरी आहे."

"आई, मी बदललोय," तो म्हणाला. आई म्हणाला तिला.

"बदललास तर छान झालं. लांब राहून बदल."

ते गेले. आई परत बसली आणि म्हणाली, "कॉफी आहे का गं?" मी कॉफी दिली. कातेरिन आतून सगळं ऐकत होती. ती येऊन आजीच्या पायाशी बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. म्हणाली, "आजी, तुला एक सांगायचंय, मला आठवतं ते," आणि माझ्याकडे बघितलं. मी ट्रे आणायला आत गेले. त्यांचं काय गुपित असायचं ते असो.

३ एप्रिल, गुरुवार

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी रात्री घालायचं रबरी कवच दिलं. म्हणाल्या, दुसऱ्या दाढेला चीर गेली त्यानंतर नवी झीज नाही. प्रेशर थोडं उतरलंय, गोळी चालूच ठेवायची. मी माफ केलंय की नाही असं कुणी विचारलं तर मला अजून उत्तर देता येत नाही. आईवरचा राग आहे. तो आहे हे आता मला माहीत आहे, आणि तिलाही. विल्बेरचा मी दिवसचे दिवस विचार करत नाही. याला काय म्हणतात ते इर्माबाईंना ठाऊक.

आज आई बैठकीला आली. मी बोलावलं नव्हतं. चांगला झगा घालून, केस बांधून आमच्या आधी दारात उभी. सगळ्यात म्हातारी तीच. इर्माबाईंना उजव्या बाजूला बसवून घेतलं आणि सगळ्यांचं शेवटपर्यंत ऐकलं. माफ केल्यानं झोप कशी सुधारते तेही ऐकलं.

मग इर्माबाई म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला काही सांगायचंय? नाही सांगितलं तरी चालेल."

आई उभी राहिली. शाळेत कविता म्हणायला उभं राहतात तशी, हात पाठीमागे.

"मी तोमासा. मला माझा नवरा मारायचा. मेला तो. मी त्याला माफ केलेलं नाही, आणि आता करेन असंही वाटत नाही. माझं प्रेशर चांगलं आहे, मला झोपही उत्तम लागते. पण मी माझ्या लेकीचं वाईट केलंय, आणि ते रोज सकाळी उठल्यावर पहिलं आठवतं. तुमच्या अभ्यासात याचं काही आहे का?"

कुणी हसलं नाही. मोरेनाही नाही. इर्माबाई म्हणाल्या, "नाही, मावशी. ते आपल्याला इथेच बघावं लागेल."

"मग बघू या," आई म्हणाली आणि बसली.

परत येताना तिनं विचारलं, "हे दर गुरुवारी असतं?"

"दर गुरुवारी."

"मग त्या बाईला सांग, पाठ टेकायला खुर्ची ठेव म्हणावं. असल्या खुर्चीवर काय बोलणार माणूस."

"तूच सांग," मी म्हटलं.

"सांगते," ती म्हणाली, आणि उलटी फिरून परत आरोग्य केंद्राकडे चालायला लागली. मी रस्त्यात थांबून राहिले, ती येईपर्यंत.